आलमट्टीचा फुगवटा आणि उसाचा पोंगा

प्रति,
माननीय जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य
माननीय जलसंपदा मंत्री, कर्नाटक राज्य
माननीय अध्यक्ष, केंद्रीय जल आयोग, नवी दिल्ली

विषय : कर्नाटकात कृष्णा नदीवर असलेल्या आलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याबाबत

सा. न. वि. वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण वेगवेगळं लिहिलं की काय होतं ते आम्ही पाहिलंय. मुंबईला विचारलं की बेंगळुरूकडे बोट, बेंगळुरूला विचारलं की लवादाकडे, आणि दिल्लीला विचारलं की दोन्ही राज्यांनी आधी आपसात बसावं. आता हा कागद एकदमच तिघांच्या टेबलावर पडू दे.

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या सोप्याच्या भिंतीत तीन खिळे आहेत. एक २००५चा, एक २०१९चा, एक २०२१चा. पाणी जिथवर चढलं तिथे वडिलांनी पहिला खिळा मारला, पुढचे दोन मी मारले. २०१९चा खिळा सगळ्यात वर आहे. तो मारायला मला पाटावर उभं राहावं लागलं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढं सांगितलं म्हणजे बाकी लक्षात येईल.

त्या पुराची एक गोष्ट कुठल्या अहवालात सापडत नाही म्हणून इथे लिहितो. पाणी वाहत नव्हतं. आमच्या गल्लीत ते उभं होतं. चप्पल सोडली तर जागच्या जागी गोल फिरत राहायची. माझ्या लहानपणीही पूर यायचे, पण त्यांचा आवाज असायचा. रात्री झोपेत कळायचं, नदी चालली आहे. नरसोबाच्या वाडीला पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार म्हणून लोक स्नानाला धावायचे, अजूनही धावतात. माझी आई दर पावसाळ्यात वाट बघायची, यंदा दक्षिणद्वार कधी होतंय. पूर म्हणजे तिच्यासाठी पर्वणीच होती, कारण पाणी जसं यायचं तसं जायचं. २०१९ला ते आलं आणि बसून राहिलं. जायचं नावच घेईना. गल्लीत घाण वास, वर ढग, आणि खिळ्यापाशी तीच ओल दिवसेंदिवस. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

आता उसाचं सांगतो. आपल्यापैकी कुणी ऊस लावला असेल नसेल, म्हणून थोडं सविस्तर. उसाच्या शेंड्याला पानांची जी सुरळी असते तिला आम्ही पोंगा म्हणतो. उसाची वाढ तिथून होते. ऊस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला तर बिघडत नाही, गळ्याएवढ्या पाण्यातही काही दिवस तग धरतो. पण पोंगा पाण्याखाली गेला, त्यात गाळ शिरला, की संपलं. पाणी उतरल्यावर ऊस वरून हिरवा दिसतो. सरकारी माणूस बांधावरून बघतो आणि म्हणतो, उभा आहे की. आठ दिवसांनी पोंगा ओढून बघा, हातात येतो. कुजलेला असतो, नाकाजवळ धरवत नाही. मग कांड्यांवरचे डोळे फुटतात, ऊस पोकळ पडतो, कारखाना घ्यायला नाखूश असतो आणि घेतला तरी वजन मिळत नाही.

हे एवढं लांबण लावलं ते एका फुटासाठी. आधीच्या पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस ऑगस्टात चांगला उंच असतो, त्याचा पोंगा कसाबसा वर राहतो. तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या खोडव्याचा राहत नाही. एखाद्या अहवालात ‘पाणीपातळीतील वाढ नगण्य’ असं जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा ती नगण्य वाढ एक फुटाची असेल तर माझ्या शेतात ती पोंग्याच्या खाली आहे की वर, हा माझा प्रश्न असतो. आणि तेच पाणी तीन दिवस जास्त थांबणार असेल तर तेही नगण्य नाही. दिल्लीत बसून मोजलेला फूट आणि उसात उभं राहून मोजलेला फूट एकच आहे, फक्त दोघांचे हिशेब वेगळे.

उंचीचा हिशेब आम्हाला समजतो तो असा. आलमट्टीची पायाभरणी १९६४ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. आज धरणात ५१९.६० मीटरपर्यंत पाणी धरतात, साठा १२३ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास, आणि पायथ्याशी २९० मेगावॉटचं वीजघर. २०१०च्या डिसेंबरात कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेश कुमार लवादाने ५२४.२५६ मीटरला मान्यता दिली. २०११ला सर्वोच्च न्यायालयाने निवाडा राजपत्रात छापायला स्थगिती दिली, म्हणून गाडं अडलंय. वाढ ४.६५६ मीटरची, आमच्या भाषेत सव्वापंधरा फूट. आता आणखी एक आकडा शेजारी ठेवा. आमच्या खाली, कर्नाटकात, हिप्परगीचा बंधारा आहे. त्याची पूर्ण साठ्याची पातळी ५२४.८७ मीटर. म्हणजे आलमट्टी वाढवून भरलं की त्याचं उभं पाणी हिप्परगीच्या पातळीपासून जेमतेम दोन फूट खाली येऊन टेकणार. मध्ये जी वाहती नदी उरली होती तिचं तळं होणार. त्याच्या वर आमच्याच तालुक्यातला राजापूरचा बंधारा, आणि त्याच्या वर आम्ही.

फुगवटा म्हणजे काय हे कुणा इंजिनिअरने सांगायची आम्हाला गरज नाही. रात्री लाईट आल्यावर पाणी पाजायला जाणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. पाटात खाली कुठे पाला अडकला की पाणी तिथल्या तिथे चढत नाही, मागे चढतं. पाला असतो शेताच्या टोकाला आणि पाट फुटतो विहिरीजवळ. अडथळ्याच्या उंचीला रेषा मारून ‘याच्या वर पाणी चढणार नाही’ असं म्हणणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा त्याचं शेत खाली असतं. थांबलेलं पाणी सपाट असतं, पण वाहत्या पाण्याला उतार लागतो. खालचं टोक उचललं की मागचा सगळा पृष्ठभाग थोडा थोडा उचलला जातो, आणि सांगलीच्या खाली कृष्णेला मुळात उतारच कमी, त्यात वळणावर वळणं. वर पंचगंगा वाडीला येऊन मिळते. कृष्णा फुगली की पंचगंगेला वाट मिळत नाही, ती मागे कुरुंदवाडकडे, इचलकरंजीकडे पसरते. एका नदीची फुग दुसऱ्या नदीच्या काठावर.

त्यात गाळाची भर. पाणी संथ झालं की गाळ तिथेच खाली बसतो, धरणाच्या भिंतीजवळ नाही तर फुगवट्याच्या वरच्या टोकाला. तळ वर येतो. मग तेवढ्याच पाण्याला पुढच्या पिढीत जास्त उंची लागते. आज स्वच्छ पात्र धरून काढलेली फुगवट्याची रेषा वीस-तीस वर्षांनी खोटी ठरते. खोटी ठरते तेव्हा ती काढणारे निवृत्त झालेले असतात.

आता आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलं.

आलमट्टीमुळेच पूर आला असं मी म्हणत नाही. २०१९च्या पुरानंतर महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला, त्यात आलमट्टी आणि हिप्परगी यांना जबाबदार धरलेलं नाही. आमच्याकडचे अनेक जण तो अहवाल मानत नाहीत. मी तो खोटा मानत नाही, पण अपुरा मानतो. त्यात प्रश्न होता आजच्या धरणाचा, आणि मी विचारतोय उद्याच्या सव्वापंधरा फुटांबद्दल. आजचं धरण निर्दोष म्हणून उद्याचंही निर्दोष, हा कुठला न्याय? शिवाय त्या ऑगस्टात आलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून, म्हणजे सेकंदाला पाच लाख घनफुटांहून, जास्त पाणी सोडलं जात होतं. एवढ्या विसर्गाला, वाढवलेल्या पातळीवर, राजापूरला पाणी किती चढेल, याचं उत्तर मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे महाराष्ट्राने अभ्यास सोपवल्याचं आम्ही वाचलं. सोपवल्याचंच वाचलं.

आणि पाप आमच्याही पदरात आहे. सांगलीत, कोल्हापुरात पूररेषेच्या आत इमारती आल्या त्या काही बागलकोटच्या लोकांनी बांधल्या नाहीत. पुलांना जोडणारे रस्ते आम्ही मातीचे भराव घालून उंच केले. नदी आडवी होऊन पसरायची ती जागाच बुजवली. महामार्गाच्या भरावाला पाणी अडून मागच्या वस्तीत शिरलेलं डोळ्यांनी पाहिलंय. कोयनेचीही गोष्ट आहे. कोयना धरणाची साठवण पूर्वी ९८.७८ टीएमसी होती. दरवाजांवर पाच फुटांच्या झडपा बसवून ती १०५.२५ टीएमसी केली. तेव्हा खालच्या गावांत कुणी विचारायला आल्याचं मला आठवत नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. वीज आमची, पाणी आमचं, म्हणून गप्प बसलो. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही जमिनीसाठी उन्हात बसतात, हेही आम्ही पेपरात वाचून पान उलटतो. तेव्हा कर्नाटकच्या मंत्रिमहोदयांनी ‘तुम्ही कोण आम्हाला सांगणार’ असं विचारलं तर मला राग येणार नाही.

उंची वाढवण्यामागची गरजही खोटी नाही. विजयपूर, कलबुर्गी, रायचूर, यादगीर, कोप्पळ हा पट्टा तहानलेला आहे. अप्पर कृष्णा प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातून १३० टीएमसी पाण्यावर ५ लाख ९४ हजार हेक्टर भिजवायचा बेत आहे. दुष्काळ म्हणजे काय ते आम्हाला जतकडे पाहुण्यांच्या घरी गेलं की कळतं. सांगली जिल्हा एकच, एका टोकाला पुरात घर बुडतं आणि दुसऱ्या टोकाला टँकर येतो. जतच्या सीमेवरची गावं तर पाण्यासाठी कर्नाटकाकडेच बघतात. दुष्काळी माणसाला पाणी देऊ नका असं म्हणणारा मी नव्हे.

आणि बुडणारे पहिले आम्ही नाहीच. सव्वापंधरा फुटांसाठी कर्नाटकातली ७५,५६३ एकर जमीन पाण्याखाली जाईल, वीस गावं आणि बागलकोट शहराचे काही वॉर्ड उठतील. जुन्या बागलकोटची माणसं एकदा आधीच उठून नवनगरात गेली आहेत. त्या गावात मी एका लग्नाला गेलो होतो. जुन्या पेठेत एका दुकानदाराला विचारलं, दुकानाला रंग का देत नाही. तो म्हणाला, पाण्याला रंग कशाला द्यायचा. मोडकं मराठी, मोडकं कन्नड, पण दोघांनाही नीट कळलं. सप्टेंबर २०२५मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या बुडीत जमिनीला बागायत एकरी ४० लाख आणि जिरायत एकरी ३० लाख असा दर ठरवला. वर्षानुवर्षं लटकवून का होईना, दर ठरला. त्यांना मिळावा, वेळेवर मिळावा.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. त्या माणसाला तुमच्या कागदावर नाव आहे : धरणग्रस्त. त्याला नकाशा आहे, यादी आहे, एकरी दर आहे, कोर्टात जायला पायरी आहे. मला तुम्ही पूरग्रस्त म्हणता. पूरग्रस्त म्हणजे देवाने मारलेला. त्याला पंचनामा, धान्याचं पोतं, सानुग्रह अनुदान. सानुग्रह! म्हणजे अनुग्रह म्हणून, हक्क म्हणून नाही. धरणाच्या भिंतीशेजारी जो बुडतो तो धरणामुळे बुडतो हे सगळ्यांना दिसतं. फुगवट्याच्या शेपटीला जो पाच वर्षांतून आठ दिवस बुडतो, त्याचं बुडणं पावसाच्या खात्यावर टाकता येतं. एकाच भिंतीमुळे दोघांच्या घरात पाणी, पण एकाला कायदा आणि दुसऱ्याला पावसाळा.

हे मी कल्पनेने लिहीत नाही, नर्मदेवर झालेलं आहे. सरदार सरोवराची उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटरला नेली, २०१७ला दरवाजे बंद केले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं त्यात गेली आणि त्या बदल्यात महाराष्ट्राला विजेतला २७ टक्के वाटा मिळायचा ठरला. पण शिकण्यासारखी गोष्ट मध्य प्रदेशातली आहे. तिथे मधल्या काळात फुगवट्याची पातळी नव्या गणिताने पुन्हा काढली, ती आधीपेक्षा खाली आली, आणि १५,९४६ कुटुंबं बुडिताच्या यादीतून बाहेर पडली. कागदावर ती वाचली. मग सप्टेंबर २०२३मध्ये धरण भरलेलं असताना नर्मदेला पूर आला आणि पाणी त्या नव्या रेषेच्या वर, बुडणारच नाही म्हणून सांगितलेल्या घरांत शिरलं. नदीने काही नवं गणित वाचलेलं नव्हतं. ते लोक काय म्हणून मदत मागायला उभे राहिले? पूरग्रस्त म्हणून.

आमच्या बाबतीत तर यादीतून काढायचाही प्रश्न नाही, कारण यादीच झालेली नाही.

काही लोक म्हणतात, उंची वाढली तर पुरासाठी जास्त जागा मिळेल, ती पावसाळ्यात रिकामी ठेवता येईल. ऐकायला बरं आहे. पण वीज आणि सिंचनाचं धरण पावसाळ्यातच भरून घ्यायचं असतं आणि पुरासाठी रिकामं ठेवायचं असतं तेही पावसाळ्यातच. शेवटी दरवाज्यावर बसलेल्या अधिकाऱ्याला एकच भीती असते, पाऊस थांबला आणि धरण भरलं नाही तर? तो भरणारच. मी त्याच्या जागी असतो तर मीही भरलं असतं. शिवाय रिकाम्या जागेचा फायदा धरणाच्या खालच्या गावांना. वरच्या गावांना साठा किती याच्याशी घेणं नसतं, पातळी किती एवढंच. म्हणून आमच्याकडची मागणी साधी राहिली आहे : ऑगस्टअखेरपर्यंत पातळी ५१७ मीटरवर ठेवा. आजच्या उंचीलाही ती दर वर्षी नव्याने करावी लागते, फोन करावे लागतात, मंत्र्यांना भेटावं लागतं. ५१९.६० असताना ५१७ पाळायला एवढी रदबदली, तर ५२४ झाल्यावर किती?

नदीकाठच्या मळीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, जरी ते या पत्रात बसत नसलं तरी. कृष्णाकाठची वांगी आपण खाल्ली असतील. ती होतात मळीत, म्हणजे पुराने दर वर्षी आणून टाकलेल्या पातळ थरात. चुलीत भाजून, वरून कच्चं तेल आणि कांदा घातला की दुसरं काही लागत नाही. पूर आमचा शत्रू नव्हता, खताची गाडी होती. ती यायची, माल उतरवायची, निघून जायची. थांबलेलं पाणी मळी देत नाही, चिकट चिखल देतं, वर जमिनीतली ओल वाढवतं. शिरोळ तालुक्यात आधीच हजारो एकर क्षारपड झालेली आहे. तो आमच्या पाटपाण्याच्या हव्यासाचा परिणाम, कबूल. भूमिगत पाइप टाकून जमीन निचऱ्याला काढायचं काम गावोगाव कर्ज काढून चाललंय. त्या पाइपांचं पाणी शेवटी नदीतच सोडायचं असतं. नदीच जास्त दिवस वर राहिली तर निचरा कुठे करायचा, हे कुठल्या प्रकल्प अहवालात लिहिलंय का, ते कृपया कळवावं.

मे २०२५मध्ये अंकलीच्या पुलावर चक्का जाम झाला. त्या गर्दीत मीही होतो. सगळ्या पक्षांचे लोक होते, भाषणं जोरदार झाली. ‘एक इंचही वाढू देणार नाही’ ही घोषणा मीही दिली. घरी येऊन जेवताना मुलगी म्हणाली, बाबा, इंचाचं जाऊ द्या, आज किती आहे ते तरी कुठे बघायला मिळतं का? तिने मोबाईलवर शोधलं. आलमट्टीची सकाळची पातळी सापडली, पण हिप्परगीतून किती सोडतात, राजापूरला त्याच वेळी काय आहे, कोयनेतून निघालेलं पाणी आमच्याकडे कधी पोचणार, हे एका ठिकाणी सापडेना. पुराच्या रात्री आम्ही अजूनही व्हॉट्सॲपवर कुणाच्या तरी मेहुण्याने पाठवलेला आकडा वाचून म्हशी सोडायच्या की नाही ते ठरवतो.

म्हणून घोषणा बाजूला ठेवून मागतो. ५१९.६० आणि ५२४.२५६ या दोन्ही पातळ्यांना, २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या विसर्गाला, मधले सगळे पूल, भराव, बंधारे आणि पुढच्या पन्नास वर्षांचा गाळ धरून फुगवट्याचं गणित केंद्रीय जल आयोगाने करावं आणि ते मराठीत आणि कन्नडमध्ये गावोगाव लावावं. सारांश नको, गणित लावा. आमच्यातली पोरं इंजिनिअर झालेली आहेत, ती तपासतील. मग दोन्ही राज्यांच्या मोजणीदारांनी एकत्र येऊन, आमच्या समोर, शेतात आणि घराच्या भिंतीवर खुणा कराव्यात. या दोन रेषांच्या मध्ये जो कुणी येईल, इंचाने येऊ दे की आठवड्याने, त्याचं नाव धरणग्रस्तांच्या यादीत घालावं आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात धरावा. तसं करून धरण परवडत असेल तर परवडतं. परवडत नसेल तर आजवर ते आमच्या खिशातून परवडत होतं, एवढं तरी स्पष्ट होईल. आणि तोवर राजपत्राची घाई करू नये, कर्नाटकाने मागू नये आणि केंद्राने देऊ नये. दरवाज्यांची तासातासाची माहिती एका फलकावर आणायला तर कुठल्या लवादाची परवानगीही लागत नाही. ती या पावसाळ्याच्या आत करता येईल.

मोजणीला माणसं पाठवणार असाल तर दिवाळीनंतर पाठवा. त्याआधी शेतात पाय रुततो आणि ऊस उभा असल्याने दुर्बिणीला पलीकडचं दिसत नाही. जेवणाची सोय आमच्याकडे होईल. कर्नाटकच्या मोजणीदारांना कळवा, वांगी त्याच सुमाराला येतात.

कळावे,

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊसकरी,
तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर